पासपोर्टला नऊ दिवस कमी पडले, त्याबद्दल

नमस्कार.

आमच्या ट्रॅव्हल एजन्सीबद्दलचा तुमचा एक स्टारचा अभिप्राय परवा वाचला. उत्तराला दोन दिवस लागले, कारण आधी बुकिंगची फाइल, व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि ऑफिसातल्या नोंदी स्वतः काढून बघितल्या.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. मलेशियाची कौटुंबिक सहल होती. आमच्या जाहिरातीत ‘व्हिसा नको, पासपोर्ट उचला आणि निघा’ असं छापलं होतं. चेक-इन काउंटरवर यांच्या सासऱ्यांना बोर्डिंग पास नाकारला, सासूबाई त्यांच्यासोबत मागे राहिल्या. नैरोबीहून थेट क्वालालंपूरला येऊन भेटणाऱ्या दिरांना तिकडच्या काउंटरवर अडवलं. अरायव्हल कार्डासाठी, म्हणजे त्या देशात शिरताना लागणाऱ्या माहितीच्या फॉर्मसाठी, पैसे गेले. आणि ‘डास, विमा, औषधं सांगून उगाच घाबरवलं’ अशीही तक्रार आहे.

आधी सासऱ्यांचं. चूक आमची आहे. मलेशियात उतरता त्या दिवसापासून पुढे सहा महिन्यांहून जास्त मुदत पासपोर्टवर शिल्लक लागते. त्यांना नऊ दिवस कमी पडत होते. तुम्ही पासपोर्टचा फोटो पाच आठवडे आधी पाठवला होता. आमच्या तक्त्यात ‘मुदत संपते’ या रकान्यात तारीख अगदी बरोबर उतरवलेली आहे. फक्त उतरवलेली आहे. प्रवासाच्या तारखेशी ती कुणी ताडून पाहिली नाही. पाठवलेल्या पीडीएफच्या चौथ्या पानावर हा नियम आहे, पण ते मी पुढे करणार नाही. चौथं पान मीसुद्धा वाचत नाही. पासपोर्टची मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून नव्यासाठी अर्ज करता येतो. आम्ही त्याच दिवशी फोन केला असता तर तुमच्या हातात पाच आठवडे होते.

काउंटरवरच्या मुलीबद्दल मात्र थोडं तिच्या बाजूने बोलतो. ‘नऊ दिवसांनी काय आभाळ कोसळणार होतं’ हा तुमचा राग समजतो, पण ते तिच्या हातात नसतं. तिकडे प्रवेश नाकारला तर त्या माणसाला परत आणणं विमान कंपनीच्या गळ्यात येतं, बऱ्याच देशांत वर दंडही बसतो. म्हणून त्या मुली आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेच्या टायमॅटिक या यंत्रणेत तुमचा पासपोर्ट आणि जायचा देश घालून बघतात. स्क्रीनवर ‘नाही’ आलं की नाही.

जाहिरातीतलं ते वाक्य आम्ही काढून टाकलंय. ते ऐकायला छान होतं आणि त्यानेच घोळ केला. १ डिसेंबर २०२३ पासून मलेशिया भारतीय पासपोर्टवर ३० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय येऊ देतो, त्यातलं खरं तेवढंच. परतीचं तिकीट, राहायचं बुकिंग, खर्चापुरते पैसे हे सगळं तरीही दाखवावं लागू शकतं. व्हिसा असता तर ही कागदपत्रं निघण्याआधी घरी बसून जमवली असती. इथे ती थेट इमिग्रेशनच्या खिडकीपाशी, रात्रीच्या विमानाने डोळे चुरचुरत असताना काढावी लागतात. तुमच्या मिस्टरांना परतीचं तिकीट विचारलं तो अपमान नव्हता, पण आधी सांगून ठेवलं असतं तर तसं वाटलंही नसतं.

दिरांच्या बाबतीत सगळा दोष मी घेणार नाही. तिकीट त्यांनी स्वतः काढलं होतं, आमच्याकडे फक्त हॉटेल होतं. ते नैरोबीहून येणार हे कळल्यावर आमच्या माणसाने ‘येलो फीवरचं कार्ड आहे ना?’ असं विचारलेलं व्हॉट्सॲपवर आहे, आणि ‘आहे’ असं उत्तरही आहे. खरंच होतं. पण येलो फीवरच्या, म्हणजे पीतज्वराच्या, लशीच्या त्या पिवळ्या कार्डावर दोन तारखा असतात. एक लस टोचल्याची आणि शेजारच्या रकान्यात प्रमाणपत्र कधीपासून चालेल याची. दुसरी तारीख पहिलीच्या दहा दिवस पुढची असते. दिरांनी लस निघायच्या सहा दिवस आधी घेतली होती, म्हणून त्यांना चार दिवसांनंतरचं विमान घ्यावं लागलं. आम्ही ‘आहे ना’ विचारलं, ‘कधी घेतली’ विचारलं नाही. तेवढं आमचं. आता ते कार्ड जपून ठेवायला सांगा. जुनी दहा वर्षांची मुदत ११ जुलै २०१६ पासून गेली, एका डोसचं प्रमाणपत्र आता जन्मभर चालतं.

आणि हे कार्ड फक्त मलेशियालाच लागतं असं नाही, ते चालू होण्याआधी भारतात उतरले असते तर इथेही अडकले असते. पीतज्वराचा धोका असलेल्या देशातून निघून सहा दिवसांच्या आत येणाऱ्याकडे भारत हे कार्ड मागतो. नसलं तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. इथून केनियाला सफारीला जाणाऱ्यांची तर यात हमखास फसगत होते. थेट जाताना तिकडे कुणी कार्ड विचारत नाही आणि परत येताना आपल्याच विमानतळावर विचारतात.

अरायव्हल कार्डाचे पैसे आमच्याकडे आलेले नाहीत. मलेशियाचं डिजिटल कार्ड तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवर फुकट भरता येतं, पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत. तुम्ही पाठवलेली पावती तशाच दिसणाऱ्या एका खासगी साइटची आहे. सर्चमध्ये अशा साइट वर येतात आणि फॉर्म अगदी सरकारी वाटतो. ‘निघण्याआधी कार्ड भरा’ एवढंच आम्ही म्हटलं, लिंक दिली नाही. आता तिकिटाबरोबरच देतो.

राहिलं घाबरवणं. ते मी पुन्हा करीन. मलेशियात डेंग्यू आहे, त्याचा डास दिवसा चावतो आणि त्यावर मलेरियासारख्या प्रतिबंधक गोळ्या नाहीत. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डास पळवणारं मलम, हाच मुख्य उपाय. मलेरियाच्या गोळ्यांचं तुम्ही विचारलं होतं, तेव्हा नुसतं क्वालालंपूर असेल तर सहसा लागत नाहीत, बोर्निओ बेटावरच्या जंगलात जाणार असाल तर डॉक्टरांना विचारा, असंच आम्ही सांगितलं होतं. तिथे माकडांमधला मलेरिया माणसाला होतो. विम्याच्या फॉर्मवर सासूबाईंचा मधुमेह लिहायला लावला तोही धंदा वाढवायला नाही. आधीचा आजार लपवला तर ऐन वेळी दावा फेटाळला जातो. त्यांच्या गोळ्या सोमवार-मंगळवार लिहिलेल्या डबीत होत्या. कस्टमवाल्याला त्या डबीत नुसते पांढरे खडे दिसतात. मूळ पाकीट आणि जेनेरिक नाव (कंपनीचं नव्हे, औषधाचं मूळ नाव) लिहिलेलं प्रिस्क्रिप्शन सोबत असलं की प्रश्न मिटतो.

एक विनंती आहे. परतल्यानंतर दोन आठवड्यांत कुणाला ताप आला तर डॉक्टरांना आधी ‘मलेशियाहून आलोय’ हे सांगा आणि तोवर ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका. डेंग्यू असेल तर त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

सासू-सासऱ्यांच्या हॉटेलचे, फिरण्याचे आणि आमच्या सेवाशुल्काचे पूर्ण पैसे आजच परत केले आहेत. तिकिटांवर विमान कंपनीने फक्त कर परत दिले. उरलेल्या रकमेतली निम्मी आम्ही सोसतोय, ती सोमवारी जमा होईल. दिरांच्या तिकीटबदलाचा खर्च देत नाही, कारण वर लिहिलं आहे. स्टार बदला असं म्हणणार नाही.

सासऱ्यांचा नवा पासपोर्ट आला की पहिल्या पानाचा फोटो मला पाठवा, ऑफिसच्या नंबरवर नको. तारीख या वेळी मीच मोजतो.