जो वाजवून राह्यला, त्याले शाल नाही

मागच्या हप्त्यात आमच्या पानठेल्यावर डीप पर्पल या विलायती रॉक बँडवरून भांडण झालं. साधंसुधं नाही. लाईनमनभाऊ घोटलेला खर्रा तसाच पाटीवर टाकून गाडीला किक मारून निघून गेले. आमच्याकडे माणूस बायकोशी भांडून घर सोडेल, पण घोटलेला खर्रा सोडणार नाही. त्यावरून समजून घ्या.

धानाच्या बांधीत डीप पर्पल कुठून आलं, असं विचाराल. आमच्या गावात या बँडचे साडेतीन चाहते आहेत. एक मी, बिछायत केंद्र आणि साउंड चालवणारा. दुसरे लाईनमनभाऊ. तिसरे झेडपीच्या शाळेतले गुरुजी. उरलेला अर्धा माझा पुतण्या, जो नागपूरला शिकतो आणि सगळं मोबाईलवर ऐकतो, तेही पुढं ढकलत ढकलत. मी पॉलिटेक्निकला नागपूरला असताना खोलीतल्या पोट्ट्याकडे एक कॅसेट होती, कव्हर फाटलेलं, नावं पेनानं लिहिलेली. डिप्लोमा माझा राहिला तो राहिलाच, पण कॅसेट घरी आली. पुढं तिच्यावरच मी कान तयार केला. आजही नवा ॲम्प्लिफायर आणला की आधी तेच लावतो, मग आरती.

तर भांडण. पुतण्यानं गेल्या दोनेक वर्षांतला एक व्हिडिओ दाखवला. बँडचा गायक इयन गिलन गात होता. माणूस १९४५ चा, म्हणजे आता ऐंशीचा. पुतण्या म्हणे, "काका, या बुड्याले आता घरी बसवा. आवाज कुठं उरला त्याचा? तिकीट कायचं घेते हे लोकं?" लाईनमनभाऊ तापले. "तुह्या बापाच्या जन्माच्या आधीपासून गाऊन राह्यला तो. तू शाळेच्या ग्यादरिंगमंधी दोन कडवे गाऊन दाखव आधी." मग गुरुजींनी मध्येच अमेरिकेतल्या हॉल ऑफ फेमचा सन्मान आणला आणि सगळंच पेटलं.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. आम्हा साडेतिघांपैकी कोणीच या बँडला समोरासमोर ऐकलेलं नाही. म्हणजे आम्ही न खाल्लेल्या जेवणातल्या मिठावरून भांडत होतो. पण मी पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या कार्यक्रमांना आवाज देतो आहे, त्यामुळे थोडं बोलायचा हक्क मला आहे असं मी धरून चालतो.

लाईव्ह म्हटलं की या बँडच्या बाबतीत सगळे १९७२ च्या जपानपाशी जाऊन थांबतात. १५ आणि १६ ऑगस्टला ओसाका, १७ ला टोकियो. तीन रात्री. ते रेकॉर्डिंग मुळात जपानातल्या लोकांपुरतं काढायचं होतं, पुढं ते जगभर गेलं आणि आजही लाईव्ह रेकॉर्ड कशी असावी म्हटलं की तिच्याकडं बोट दाखवतात. मी ती साउंडवाल्याच्या कानानं ऐकतो. बँडमधला जॉन लॉर्ड हॅमंड ऑर्गन वाजवायचा. त्या ऑर्गनला गोल फिरणाऱ्या स्पीकरची लेस्ली पेटी लावायची रीत होती. यानं तो ऑर्गन सरळ गिटारच्या मार्शल ॲम्प्लिफायरमध्ये घातला. म्हणून तो देवळातल्यासारखा वाजत नाही, गुरगुरतो. गिटार आणि ऑर्गन एकमेकांच्या अंगावर धावून जातात आणि कोण कुठला ते क्षणभर कळत नाही. आमच्या झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकात ऑर्गन असतोच, पण तो मार्शलमध्ये घालायची माझी हिंमत कधी झाली नाही. नाटक कंपनीवाले मारतील.

आणि त्याच रेकॉर्डवर दोन गाण्यांच्या मध्ये मॉनिटरमध्ये, म्हणजे वाजवणाऱ्यांकडं तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, आवाज वाढवून द्या म्हणून मागणी चालते, पाठोपाठ सगळंच सगळ्यापेक्षा मोठं करा अशी गंमतही होते. मी पहिल्यांदा ते समजून ऐकलं तेव्हा एकटाच हसत बसलो. जपान असो की आमचं वडसा, स्टेजवरच्या माणसाला स्वतःचा आवाज कमीच वाटतो. १९७२ मध्येच लंडनच्या रेनबो थिएटरात यांचा आवाज ११७ डेसिबल मोजला गेला, तीन माणसं बेशुद्ध पडली आणि गिनीज बुकात सर्वात मोठ्या आवाजाचा बँड म्हणून नाव लागलं. लाईनमनभाऊ हे छाती फुगवून सांगतात. मला त्यात काही मोठेपणा वाटत नाही. आमच्याकडे लग्नातले डीजेवाले दर उन्हाळ्यात तेच करतात, गिनीजवाले येत नाहीत एवढंच.

आता पुतण्याचा मुद्दा. तो खोटा नाही. गिलनचा वरचा आवाज गेला आहे. 'चाइल्ड इन टाइम'मधल्या त्या किंकाळ्या, ज्यांच्यावर त्याचं नाव उभं राहिलं, ते गाणं त्यानं गेली वीस वर्षं कार्यक्रमातून काढूनच टाकलं आहे. मीही तो व्हिडिओ पाहिला आणि पहिली दोन मिनिटं मलाही वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू?

पण जमत नाही ते काढून टाकणं आणि जमतं ते उभं राहून गाणं, याला मी कमी समजत नाही. मागच्या साली शेजारच्या गावच्या मंडईत, म्हणजे जत्रेतल्या नाटकाला, मी साउंडवर होतो. रात्री दोन-अडीचची वेळ, थंडी अशी की प्रेक्षकांत अर्धी जनता ब्लँकेट पांघरून तनशीवर बसलेली. नाटकातला बाप झालेला नट सत्तरीच्या जवळचा. पद सुरू केलं आणि अंतऱ्यात वरचा सूर लागेना. माझा हात फेडरवर, काय करावं सुचेना. त्यानं ऑर्गनवाल्याकडं नुसतं पाहिलं. ऑर्गनवाल्यानं वरची सगळी ओळ ऑर्गनवर उचलली, आणि नट खालच्या सुरावर शब्द नुसते बोलल्यासारखे म्हणत राहिला. पोरीला निरोप द्यायचा प्रसंग. ब्लँकेटांतून नाक ओढल्याचे आवाज माझ्या मिक्सरपर्यंत आले. त्या बायांपैकी कोणालाच सूर चुकलेला कळला नाही. की कळला आणि म्हणूनच रडल्या, देवाला माहीत.

नटाला दुसऱ्या दिवशी गावानं शाल दिली. ऑर्गनवाला टेम्पोत झोपला होता.

हे मी पानठेल्यावर सांगितलं, आणि तिथूनच गाडी सन्मानाकडं वळली. गुरुजींचं म्हणणं, एवढ्या मोठ्या बँडला क्लीव्हलँडच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं इतकी वर्षं ताटकळत ठेवलं, हा अपमान आहे. तिथला नियम पहिली रेकॉर्ड निघून पंचवीस वर्षं झाल्यावर नाव घेता येतं असा. यांची पहिली रेकॉर्ड १९६८ ची, म्हणजे १९९३ पासून पात्र. घेतलं कधी? २०१६ ला. मतदानाच्या यादीत पहिल्यांदा नाव आलं ते २०१२ च्या ऑक्टोबरात. आणि जॉन लॉर्ड गेला त्याच साली जुलैत. तीन महिने! त्या ऑर्गनवाल्याला यादीतसुद्धा नाव पाहायला मिळालं नाही.

लाईनमनभाऊंचं म्हणणं उलटं. "लोकं पन्नास वर्षांपासून तिकीट काढून येऊन राह्यले, त्याच्याहून मोठा हॉल कोनता? चुलीत घाला तो पुरस्कार."

हे मला पटत नाही. असं तेच बोलतात ज्यांचा सन्मान कोणी रोखलेला नसतो. २०२३ ला आमच्या झाडीपट्टीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. हजारो प्रयोग केलेला माणूस, गडचिरोली जिल्ह्यातला शेतकरी. इकडच्या चार जिल्ह्यांत त्यांना आधी कोणी ओळखत नव्हतं असं थोडंच आहे? पण त्या साली माझ्या नागपूरच्या साडूनं आयुष्यात पहिल्यांदा फोन करून विचारलं, की बुवा, तुमच्या तिकडे ते नाटक असते म्हणतात, पाहायला येऊ का? वीस वर्षं हाच साडू मला लाउडस्पीकरवाला म्हणत होता. तेव्हा पुरस्काराला चुलीत घालू नका. त्यानं साडू सुधारतात.

माझा राग उशिरावर नाहीच. तो आहे कोणाला दिला यावर.

नीट ऐका. १९६८ चा पहिला संच: ऑर्गनवर लॉर्ड, गिटारवर ब्लॅकमोर, ड्रमवर इयन पेस, गायक रॉड इव्हान्स, बेसवर निक सिंपर. या पाचांनी तीन रेकॉर्डी काढल्या. १९६९ ला इव्हान्स आणि सिंपर दोघांनाही काढलं. हॉल ऑफ फेमनं इव्हान्सला घेतलं, सिंपरला नाही. एकाच बंडीला जुंपलेले दोन बैल, एकाला झूल आणि दुसऱ्याला नुसतं दावं! वर हाच इव्हान्स १९८० ला दुसऱ्याच माणसांना घेऊन डीप पर्पलच्या नावानं अमेरिकेत कार्यक्रम करत फिरला होता. कोर्टानं ६,७२,००० डॉलरचा दंड बसवला, त्यानंतर तो लोकांसमोर आलाच नाही. सन्मान घ्यायलाही नाही. नावानं डुप्लिकेट कंपनी काढणारे आपल्याकडंच असतात असं मला वाटायचं.

आणि गिटारवाला स्टीव्ह मोर्स. १९९४ ला आला, २०२२ ला बायकोच्या आजारपणापायी सोडून गेला. अठ्ठावीस वर्षं. रिची ब्लॅकमोरचे दोन्ही वेळचे दिवस जोडा, १९६८ ते ७५ आणि ८४ ते ९३, सोळाच्या आसपास भरतात. मोर्सचं नाव नाही. लॉर्डनंतर २००२ पासून ऑर्गन सांभाळणारा डॉन एअरी, त्याचंही नाही.

इथं गुरुजी आणि लाईनमनभाऊ अचानक एका बाजूला झाले. म्हणे, धून कोणाची? 'स्मोक ऑन द वॉटर'ची ती चार सुरांची धून ब्लॅकमोरची, बाकीचे भाडेकरू. (ते गाणं खऱ्या आगीवर आहे, बरं का. डिसेंबर १९७१, स्वित्झर्लंडमधलं माँत्रो, दुसऱ्याच्या कार्यक्रमात कोणीतरी फ्लेअर उडवली आणि अख्खा कसिनो जळाला. हे तिथं रेकॉर्डिंग करायला आले होते, मग रिकाम्या हॉटेलच्या आतल्या बोळात गाद्या लावून रेकॉर्डिंग केलं. गाद्यांचं ऐकून मला या लोकांबद्दल बिछायतवाल्याची माया वाटते.)

धून ब्लॅकमोरची, मान्य. त्याच्याशिवाय घर उभं राहिलं नसतं. पण घर आज्यानं बांधलं म्हणून दर साल पावसाळ्याच्या आधी छपरावर चढून कवेलू फेरणारा भाडेकरू होतो का? अठ्ठावीस पावसाळे तो वर चढला, म्हणून तुमच्या आज्याची खाट अजून कोरडी आहे.

आणि खरी गंमत त्या सोहळ्याच्या रात्रीची. ८ एप्रिल २०१६, न्यूयॉर्कमधलं ब्रुकलिन. ब्लॅकमोर आलाच नाही. बँडचे मधल्या काळातले गायक डेव्हिड कव्हरडेल आणि ग्लेन ह्यूज आले, त्यांना सन्मान मिळाला, भाषणं झाली, पण बँडबरोबर ते वाजवायला उभे राहिले नाहीत. वाजवलं कोणी? गिलन, बेसवाला ग्लोव्हर, पेस, आणि सोबत मोर्स आणि एअरी. ज्या दोघांना सन्मान नाही, त्यांनीच सन्मानाच्या रात्री गिटार आणि ऑर्गन वाजवला. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमची प्रत्येक मंडई दिसली. उद्घाटनाची भाषणं तासभर, शाल-नारळ पाहुण्यांना, मग नाट्यप्रेमींना, मग ज्यांनी वर्गणी दिली नाही पण पुढच्या साली देतील अशी आशा आहे त्यांना. आणि खाली ऑर्गन, ढोलक, ऑक्टोपॅडवाले हात बगलेत घालून थंडीत बसलेले.

हे मी जरा मोठ्यानं बोललो असेन. लाईनमनभाऊ म्हणाले, "म्हंजे ब्लॅकमोर कोनी नाही म्हन ना!" आणि खर्रा टाकून गेले. पुतण्या हसत होता. त्याला मी सांगितलं, पूर्ण गाणं ऐकायला शिक, मग हस.

काल आमच्या गावची मंडई झाली. लाईनमनभाऊ दोन दिवस आधीच येऊन मीटरचं कनेक्शन जोडून गेले होते, तोंडातून शब्द न काढता. मी ठरवलंच होतं. भाषणं संपली, पडदा उघडायच्या आधी माईक माझ्याच हातात असतो. मी कोणाला न विचारता सांगितलं, की आजच्या नाटकाला ऑर्गनवर अमुक, ढोलकवर तमुक, यांच्यासाठी टाळ्या. नावं घेतली, गावासकट. टाळ्या पडल्या, बऱ्यापैकी पडल्या. शाल नव्हती, ती माझ्या हातात नसते. मंडळाचे अध्यक्ष माझ्याकडं डोळे वटारून पाहत होते, ते बिलाच्या वेळी कळेलच.

पहिल्या अंकानंतर ऑर्गनवाले भाऊ माझ्या मिक्सरपाशी आले. मला वाटलं आता काही बोलतील. मी थोडा तयारच होऊन बसलो होतो.

"नाव घेतलं ते ठीक केलं गा," ते म्हणाले. "पन मॉनिटरमंधी माझा आवाज वाढवशीन का थोडासा? मले मीच आयकू नाई येऊन राह्यलो."