एका खंडात संपतं म्हणून सोपं होत नाही

सुपरहिरो कॉमिक्सच्या नवख्या वाचकाने 'वॉचमेन'पासून सुरुवात करावी, कारण ते एकाच खंडात संपतं, हा कॉमिक्सची सुरुवात कुठून करावी यावरच्या तुमच्या लेखातला मुद्दा मला अजिबात पटला नाही. अहो, ते अख्खं पुस्तक सुपरहिरो या कल्पनेचीच उलटतपासणी घेतं. ज्याने साधा सुपरमॅनही वाचलेला नाही, त्याला ती कशाची हेच कळत नाही. इथे जुळे सोलापुरात आमच्या कॉलनीतली पोरं माझ्याकडून कॉमिक्स वाचायला नेतात. नववीतल्या एका मुलीने 'वॉचमेन' नेलं आणि मध्येच ती गोष्टीतली गोष्ट, समुद्री चाच्यांची, सुरू झाली तिथे मिटून परत आणून दिलं. मग तिला 'ऑल-स्टार सुपरमॅन' दिलं. त्याच्या पहिल्याच पानावर 4 चौकटी आणि मूळ इंग्रजीत जेमतेम 8 शब्द: विनाशाच्या दारातला ग्रह, हताश शास्त्रज्ञ, शेवटची आशा, मायाळू जोडपं. झाली पूर्वकथा! सगळे 12 अंक तिने दिवाळीच्या सुट्टीत वाचून काढले आणि पुढचं मागायला दारात हजर.

लेखात सुचवलेल्या 'द किलिंग जोक' या बॅटमॅनच्या कॉमिकचंही तेच. 1988 सालचं ते कॉमिक छोटं आहे खरं, पण बार्बरा, म्हणजे पोलीस अधिकारी गॉर्डनची मुलगी आणि एकेकाळची बॅटगर्ल, कोण हे ठाऊक नसेल तर तिला लागलेली गोळी नुसता धक्का ठरते. शिवाय ते शाळकरी मुलांच्या हाती देण्याजोगं नाहीच, हे लेखात स्पष्ट लिहायला हवं होतं. बॅटमॅनच हवा असेल तर 1987 सालचं 'इयर वन' द्या. गॉर्डन रेल्वेने गॉथम या बॅटमॅनच्या शहरात येतो, ब्रूस (म्हणजे पुढे बॅटमॅन होणारा) विमानाने, आणि वाचक त्यांच्याबरोबरच ते शहर ओळखायला लागतो.