डिजिटल पेपर बंद करायला बँक खातं बंद करावं लागत नाही

जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. केळीवाल्यांचे ग्रुप म्हणू नका, निवृत्त शिक्षकांचे म्हणू नका, सगळीकडे तो पोचलाय. त्यात थोडक्यात असं आहे: "मोबाइलवर पेपरची डिजिटल वर्गणी घेऊ नका. एकदा कार्ड किंवा यूपीआय जोडलं की आयुष्यभर पैसे कापले जातात, बँकसुद्धा थांबवू शकत नाही. घेतलीच असेल तर ॲप उडवा, कार्ड ब्लॉक करा, तरी थांबलं नाही तर खातंच बंद करा. मध्येच बंद केलं तर सिबिल खराब होतो. तक्रार करायची तर दिल्ली-मुंबई गाठावी लागते, खान्देशातल्या माणसाला कोण विचारतो? त्यापेक्षा रोजची पीडीएफ फुकट मिळते, ती वाचा."

माझी अमळनेरात पेपरची एजन्सी आहे. लोक डिजिटलकडे वळले की माझ्या लाइनवरचे अंक कमी होतात. म्हणजे हा मेसेज लोकांनी खरा मानला तर माझा फायदाच आहे. तरीही उत्तर देतोय, कारण पारोळ्याकडचे एक निवृत्त गुरुजी तो वाचून ज्या खात्यात पेन्शन येते तेच खातं बंद करायला निघाले होते. पेपरचे दरमहा शे-दीडशे रुपये थांबवण्यासाठी! बँकेतल्या माणसानं त्यांना बसवून घेतलं म्हणून बरं.

"बँकसुद्धा थांबवू शकत नाही" हे त्या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य आहे, आणि ते साफ चूक आहे. कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीचे नियम रिझर्व्ह बँकेनं २१ ऑगस्ट २०१९ ला काढले. जानेवारी २०२० मध्ये ते यूपीआयलाही लागू केले. मुदतवाढ देत देत शेवटी १ ऑक्टोबर २०२१ पासून त्यांची सक्ती झाली. त्याआधी परदेशी साइटवर एकदा कार्ड दिलं की पुढे ओटीपी न विचारता पैसे जायचे, हे खरं. मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यात तोच काळ असावा. आता तसं नाही. दर वेळी पैसे कापायला बँकेकडे तुमची नोंदवलेली परवानगी लागते, तिलाच मॅन्डेट म्हणतात. ती देताना ओटीपी किंवा पिन टाकावाच लागतो. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेनं तुम्हाला कळवायचं असतं: कोणाला, किती, कोणत्या तारखेला. आणि ही परवानगी तुम्हाला वाटेल तेव्हा ऑनलाइन मागे घेता आली पाहिजे, असं त्याच नियमांत लिहिलेलं आहे. त्यासाठी फीसुद्धा नाही. परदेशी दैनिकालाही हेच लागू. म्हणूनच ऑक्टोबर २०२१ मध्ये कित्येकांच्या परदेशी वर्गण्या आपोआप बंद पडल्या होत्या.

म्हणजे किल्ली पेपरवाल्याकडे नाही, तुमच्या बँकेत आहे आणि ती फिरवायचा हक्क तुमचा आहे. हे एवढं लोकांच्या लक्षात आलं तरी त्या मेसेजची निम्मी भीती जाईल.

यूपीआयवरून वर्गणी भरली असेल तर ज्या ॲपवरून भरली ते उघडा. फोनपे असो, गूगल पे असो की भीम, आपल्या फोटोवर किंवा नावावर बोट ठेवलं की पुढच्या पानावर 'ऑटोपे' किंवा 'मॅन्डेट' असं दिसतं. जुलै २०२० पासून ही सोय आहे, पण तिथे कधी गेलेला माणूस विरळा. आत तुमच्या सगळ्या चालू परवानग्यांची यादी असते. हवी ती उघडायची, रद्द करायची, यूपीआय पिन टाकायचा. कार्डावरून भरली असेल तर बँकेच्या ॲपमध्ये किंवा नेट बँकिंगमध्ये कार्डाच्या भागात 'ई-मॅन्डेट' किंवा 'स्टँडिंग इन्स्ट्रक्शन' शोधायचं.

इथे दोन गोष्टींवर लोक हमखास अडतात. एक म्हणजे यादीत पेपरचं नाव सापडत नाही. तिथे बऱ्याचदा दैनिकाच्या नावाऐवजी ते चालवणाऱ्या कंपनीचं नाव असतं, आणि वर्गणी प्ले स्टोअरमधून घेतली असेल तर नुसतं 'गूगल प्ले' दिसतं. तेव्हा नावावर जाऊ नका, रक्कम आणि तारीख जुळवा. दुसरी गोष्ट जास्त जोखमीची. त्याच यादीत म्युच्युअल फंडाची एसआयपी असते, विम्याचा हप्ता असतो, एखाद्याचा कर्जाचा हप्तासुद्धा असतो. घाईत भलतंच रद्द केलं तर पेपर चालूच राहील आणि विमा बंद पडेल. आमच्याकडे एका नानांचं बोट विम्याच्या ओळीवरच होतं. त्यांना थांबवून आधी रक्कम वाचायला लावली, मग खालची पेपरची ओळ सापडली.

मॅन्डेट रद्द झालं म्हणजे पैसे थांबले. पेपरच्या साइटवरही आपल्या खात्यात जाऊन वर्गणी रद्द करा, नाहीतर 'पेमेंट अडलंय' असे मेल येत राहतात. आणि रद्द केल्याची जी पावती किंवा मेल येतो, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

"पण आम्हाला बँकेचा मेसेज आलाच नाही, एकदम पैसा कटी ग्यात," असं बरेच जण सांगतात. बहुतेकांच्या मोबाइलमध्ये तो मेसेज सापडतो. इंग्रजीत असतो, लोनच्या आणि रिचार्जच्या जाहिरातींच्या गर्दीत पडलेला असतो, आणि कोणी तो उघडलेलाच नसतो. तुमच्या तारखेच्या आसपास मेसेजच्या डब्यात 'ऑटोपे' किंवा 'मॅन्डेट' हा शब्द इंग्रजीत टाकून शोधा. पैसे जायच्या आदल्या दिवशी तो दिसला तर तेवढ्या वेळात परवानगी काढून घेता येते.

आता "ॲप उडवा" हा सल्ला. बँकही थांबवू शकत नाही म्हणणारा मेसेज पुढच्याच ओळीत ॲप काढलं की थांबेल म्हणतो! ॲप काढल्यानं वर्गणी बंद होत नाही. गूगलही स्पष्ट सांगतं की ॲप अनइन्स्टॉल केलं तरी सबस्क्रिप्शन चालू राहतं. उलट नुकसान होतं, कारण ॲप गेलं की वर्गणी चालू असल्याची आठवणही जाते आणि पैसे मात्र जात राहतात. प्ले स्टोअरमधून घेतलेली वर्गणी प्ले स्टोअरमध्येच, 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स'मधून बंद होते. आयफोन असेल तर सेटिंगमध्ये सगळ्यात वर आपलं नाव असतं, तिथे 'सबस्क्रिप्शन्स'. मोफत चाचणी चालू असेल तर शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. ॲपलकडे ती किमान २४ तास आधी बंद करावी लागते.

कार्ड ब्लॉक करण्याबद्दल एवढंच सांगतो. तुमचा कार्ड नंबर पेपरवाल्याकडे कायमचा पडलेला असतो, ही समजूत जुनी झाली. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांना आणि साइटवाल्यांना कार्डाचा पूर्ण नंबर साठवून ठेवायला मनाई आहे. त्याऐवजी त्यांच्याकडे टोकन असतं, म्हणजे खऱ्या नंबराच्या जागी दिलेला सांकेतिक नंबर, आणि ते टोकन तेवढ्याच दुकानापुरतं. एका पेपरसाठी कार्ड ब्लॉक केलं तर त्याच कार्डावरचं रिचार्ज, वीजबिल, सगळंच अडतं. खातं बंद करण्याबद्दल तर बोलायलाच नको.

सिबिलचा मुद्दाही खोटा. सिबिल म्हणजे कोण कर्ज कसं फेडतो याची नोंद ठेवणारी संस्था. तिथे बँका आणि कर्ज देणाऱ्या संस्था कर्जाची माहिती पाठवतात. पेपरची वर्गणी कर्ज नाही. पुढच्या महिन्याचे पैसे दिले नाहीत तर पुढच्या महिन्याचा पेपर वाचता येणार नाही, विषय संपला. हा घोळ कर्जाच्या हप्त्यावरून झाला असावा. हप्त्याचं मॅन्डेट रद्द केलं आणि हप्ता चुकला तर सिबिलवर नक्की परिणाम होतो. तसंच क्रेडिट कार्डावर वर्गणी घेतली आणि कार्डाचं बिलच थकवलं, तर ती थकबाकी कार्डाची आहे, पेपरची नाही.

मेसेजमध्ये एक राग मात्र खरा आहे, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. घरी टाकायचा पेपर बंद करायला गिऱ्हाईक पोराला दारातच सांगतं, "भाऊ, एक तारखेपासून टाकू नको," आणि एक तारखेपासून अंक थांबतो. डिजिटलमध्ये वर्गणी घ्यायचं बटण मोठं आणि रंगीत, बंद करायचं मात्र चार पानं आत, बारीक अक्षरात. काही ठिकाणी ते बटणच नसतं, कस्टमर केअरला फोन लावा म्हणतात. फोन लावला की "थांबा सर, अर्ध्या किमतीत देतो." काही ठिकाणी पहिला महिना एक रुपयात देऊन त्याच वेळी पूर्ण दराची परवानगी घेतात. यूपीआयवर मंजुरी देताना पडद्यावर 'कमाल रक्कम' अशी एक ओळ असते, ती कुणी वाचत नाही. आज एक रुपया कापला जात असला तरी पुढे किती कापता येतील ते त्या ओळीत असतं. पिन टाकण्याआधी ती ओळ वाचाच.

वाचकाला असं अडकवून ठेवणं मला पटत नाही. पेपर हा विश्वासावर चालणारा धंदा आहे, आणि जो बाहेरचं दार लपवतो त्याच्याकडे माणूस पुन्हा जात नाही. जर्मनीत १ जुलै २०२२ पासून साइटवर वर्गणी रद्द करायचं बटण ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. आपल्याकडे तसं बटण सक्तीचं नाही, पण ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 'डार्क पॅटर्न'विरुद्ध, म्हणजे साइटवर गिऱ्हाईकाला फसवायच्या युक्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात फसवणुकीचे १३ प्रकार दिलेत आणि वर्गणीचा सापळा हा त्यातलाच एक. रद्द करायची सोय लपवणं, ती लांबलचक आणि किचकट करणं, फुकट चाचणीसाठी आपोआप वसुलीची परवानगी सक्तीनं घेणं, हे सगळं त्यात नावानिशी आहे.

म्हणूनच "खान्देशातल्या माणसाला कोण विचारतो" हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कंपनीचं ऑफिस नोएडात असो की मुंबईत. शहाद्याच्या माणसाला नंदुरबार, शिरपूरच्याला धुळे, रावेरच्याला जळगाव. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, ऑनलाइनही दाखल करता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, तिथे मराठीत बोलता येतं. परवानगी रद्द करूनही पैसे गेले तर लगेच बँकेला लेखी कळवा. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, आणि तिलाही पैसे पडत नाहीत.

एक अपेक्षा मात्र ठेवू नका. वर्षाची वर्गणी मध्येच बंद केली तर उरलेल्या महिन्यांचे पैसे बहुतेक ठिकाणी परत मिळत नाहीत. भरलेली मुदत संपेपर्यंत वाचता येतं, पुढचं नूतनीकरण थांबतं, एवढंच. ज्याला खात्री नाही त्यानं आधी महिन्याचीच घ्यावी.

राहिली फुकटची पीडीएफ. २९ मे २०२० ला दिल्ली उच्च न्यायालयानं 'दैनिक जागरण'चे ई-पेपर परवानगीशिवाय वाटणारे टेलिग्राम चॅनेल काढायचा अंतरिम आदेश दिला होता. पैसे देऊन वाचायचा ई-पेपर असा वाटणं हा कॉपीराइटचा भंग आहे. पण मला कायद्याहून दुसऱ्या गोष्टीची काळजी आहे. सावद्याचा केळीचा भाव, धरणाच्या आवर्तनाची तारीख, यावलच्या एखाद्या गावातलं टँकरचं राजकारण, हे लिहिणारा तालुक्याचा बातमीदार मोटारसायकलवर फिरतो, बहुतेक वेळा स्वतःच्या पेट्रोलवर. कागदाचा पेपर घ्या, डिजिटल घ्या, दोन्हीतलं एक बंद करून दुसरं घ्या, माझी तक्रार नाही. फुकटची पीडीएफ मात्र त्याच्या पोटावर येते.

हा मेसेज वाचून कोणी आधीच काही उडवलं असेल, ब्लॉक केलं असेल, तर आज एकदा ऑटोपेची यादी उघडून बघा, वर्गणी अजून तिथे असण्याचीच शक्यता जास्त. अमळनेरकडचे असाल आणि अडलं तर सकाळची लाइन उरकल्यावर दुकानावर या, आपण मिळून शोधू. पिन मात्र तुमचा तुम्हीच टाकायचा, मला सांगायचा नाही.