कॅटॉक्टिनचं दगडी घर

मेरीलँडमधल्या मराठी मंडळींना कनिंगहॅम फॉल्स चांगलंच ठाऊक आहे. धबधबा, डबे, ऑक्टोबरातली रंगलेली पानं. तिथून जवळच कॅटॉक्टिन फर्नेस हे गाव आहे, तिकडे मात्र फारसं कोणी वळत नाही. गेल्या शनिवारी आम्ही वळलो, तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

तिथे लोखंडाच्या भट्टीच्या मालकाचं दगडी घर आहे. म्हणजे नुसत्या भिंती. छप्पर कधीच गेलंय. फोटो सुरेख येतात, मीही काढले.

१७७६ मध्ये जॉन्सन बंधूंनी ही भट्टी सुरू केली. त्यांतला थॉमस पुढच्याच वर्षी मेरीलँडचा पहिला निवडून आलेला गव्हर्नर झाला. डोंगरात खनिज, कोळशाला जंगल, भात्याला ओढ्याचं पाणी, सगळं हाताशी. एकदा पेटली की भट्टी रात्रंदिवस चालायची. तिच्यातून निघालेली कीट, म्हणजे लोखंड वितळवताना उरलेला मळ, अजून पायवाटेवर सापडते, निळसर हिरवी, काचेसारखी. लेकीने एक तुकडा उन्हात धरून बघितला आणि परत जागेवर ठेवला.

पहिली कितीतरी वर्षं ही भट्टी राबवली ती गुलाम केलेल्या आफ्रिकन माणसांनी. त्यांची दफनभूमी १९७९ मध्ये महामार्ग रुंद करताना खोदली गेली. ३५ कबरी निघाल्या. त्यांतल्या २७ जणांच्या डीएनएचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाच कुटुंबं सापडली. आणि आज हयात असलेले त्यांचे ४१,७९९ नातेवाईक! माझ्या अंगावर काटा आला. एवढा मोठा गोतावळा, आणि त्यातल्या बहुतेकांना आपली माणसं इथे झिजली याचा पत्ताही नाही.

गावातल्या छोट्या संग्रहालयात हाडांवरून घडवलेले दोन चेहरे आहेत, एक बाई आणि एक मुलगा. मुलगा जेमतेम पंधराचा, आणि ओझी उचलून त्याचा पाठकणा दुखावलेला. लेकीने विचारलं, "आई, याचं नाव काय?" नाव कुठेच लिहिलेलं नाही.

म्हणून कळकळीने सांगते, तिथे गेलात की आधी संग्रहालयात जा, त्या दोघांना भेटा आणि मग दगडी घराकडे वळा. आम्ही उलटं केलं. परतताना त्या भिंतींपाशी पुन्हा थांबलो, तेव्हा फोन पिशवीतून काढावासाच वाटला नाही.

कोणाला जायचं असेल तर कळवा, मी पुन्हा यायला तयार आहे.