दसऱ्याच्या दिवशी टायरला लाथ

आज आमच्याकडे दसऱ्याचा कार्यक्रम होता. सकाळी गाडी धुतली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला. (इथे न्यू जर्सीत, एडिसनला झेंडू काय भावाने मिळतो ते विचारू नका.) कार्यक्रम होता त्या शाळेच्या पार्किंगमध्ये गाडी लावते न लावते तोच एक गृहस्थ आले आणि बुटाच्या टोकाने पुढच्या टायरला दोन लाथा मारल्या. "वहिनी, गाडी स्पोर्ट्स कार आणि टायर सायकलचे? चांगले रुंद टाका की!"

दसऱ्याला! हार घातलेल्या गाडीला! आपल्यात चुकून वहीला पाय लागला तरी हात डोक्याला जातो.

मी हसून "हो, बघते" म्हणाले. तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून ही पोस्ट. लांब आहे. ज्यांना गाड्यांत रस नाही त्यांनी सोनं घ्या आणि सोन्यासारखे राहा.

माझी गाडी माझदाची मिआटा, 1992 सालची. दोन माणसांची, 1.6 लिटरचं इंजिन, 116 हॉर्सपॉवर, वजन जेमतेम टनभर. टायर 185/60 आर 14, म्हणजे 185 मिलिमीटर रुंद, बाजूची भिंत त्याच्या साठ टक्के, आणि आत चौदा इंची रिम. ही मापं माझदाने पैसे वाचवायला घेतलेली नाहीत हो. गाडी घडवणारे तोशिहिको हिराई आणि त्यांची माणसं एकच धोशा लावून बसली होती, की घोडा आणि स्वार एकजीव झाले पाहिजेत. त्या घोड्याला हत्तीचे पाय लावा म्हणणाऱ्याला काय म्हणायचं?

आणि हे मी ऐकीव बोलत नाहीये. लावून बघितलेत मी हत्तीचे पाय.

तीन उन्हाळ्यांपूर्वी माझ्या मावसबहिणीचा मुलगा इथे शिकायला होता. दर शनिवारी जेवायला यायचा आणि जेवण झालं की गॅरेजमध्ये. "मावशी, गाडी बिचारी दिसते गं तुझी." शेवटी मी हो म्हटलं. त्याने जुन्या बाजारातून 15 इंची, 9 इंच रुंद रिम आणले, त्यावर 225/45 चे टायर. गंमत म्हणजे चाकाची एकूण उंची जवळजवळ तेवढीच राहते, एखादा टक्का इकडेतिकडे. म्हणून स्पीडोमीटर फार खोटं बोलत नाही. पण मूळ रिम साडेपाच इंच रुंद, ऑफसेट 45 (म्हणजे रिम गाडीला जिथे टेकतो ती जागा रिमच्या मध्यापासून 45 मिलिमीटर बाहेरच्या बाजूला). नवा 9 इंच रुंद, ऑफसेट 36. पोराने वहीच्या पानावर आकडेमोड करून दाखवली, चाक आतल्या बाजूला 35 मिलिमीटर सरकणार आणि बाहेर 53. त्रेपन्न! दोन इंचांहून जास्त. मडगार्डच्या कडेला घासणार हे तर उघडच होतं. मग हीट गनने रंग तापवून ती कड आत दुमडली, चाकं वरून आत कलवून घेतली. डाव्या मागच्या मडगार्डला नखाएवढा रंग उडाला. अजून तसाच आहे.

दिसायला? झकास. खोटं कशाला बोलू. शेजारचे आजोबा कुत्रं घेऊन थांबून बघायचे.

पण चालवायला! माझ्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही. आधी पार्किंगमध्ये एका हाताने वळायची, आता दोन्ही हात आणि वर खांदा लावायचा. आणि रस्त्यावर ती चाकोरी धरायला लागली. चाकोरी हा शब्द आपण किती सहज वापरतो, "चाकोरीबाहेरचं जगणं" वगैरे. ट्रकांनी इथल्या 287 नंबरच्या हायवेवर पाडलेल्या चाकोऱ्यांत रुंद टायरची गाडी घाला, मग कळतं. तुम्ही सरळ धरता, ती आपली खोबणीतून खोबणीत उड्या मारते. जुनी चाकं रस्ता हातात सांगायची. ही ओरडून सांगायची आणि तेही चुकीचं.

मग तो 287 वरचा पाऊस. मॉरिसटाऊनच्या पुढे, ऑगस्टमधली संध्याकाळ, ताशी पंचावन्न मैल. मधली लेन. त्या चाकोऱ्यांत पाणी साचलेलं. स्टिअरिंग एकदम हलकं झालं. म्हणजे हातात काहीच नाही, रिकाम्या परातीची कड धरल्यासारखं. हलकी गाडी आणि रुंद टायर, पाणी बाजूला सारायचं जास्त आणि दाबायला वजन कमी. गाडी तरंगली. दोन सेकंद असतील, तीन. डावीकडे ट्रेलर. मी ब्रेकला पाय लावला नाही, ॲक्सिलरेटर अलगद सोडला आणि रामरक्षेची पहिली ओळसुद्धा आठवली नाही.

आता लगेच कुणीतरी लिहील की ते टायर कोरड्या ट्रॅकसाठीचे होते आणि अर्धे झिजले होते. होते. मान्य. कोरड्या ट्रॅकवर रुंद टायर वळणात जास्त धरतो आणि वेळ कमी लागतो, हेही मान्य. 14 इंचीत चांगले टायर आता मिळत नाहीत म्हणाल तर तेही खरं, मी स्वतः शोधून थकते. पण मी ट्रॅकवर राहत नाही, पार्सिपनीला राहते.

आणि हे फक्त जुन्या गाडीचं रडगाणं नाही. टोयोटाची जीटी 86 बघा, 2012 ची. 200 हॉर्सपॉवर, आणि टायर 215 रुंदीचे मिशलां प्रायमसी, जे प्रियससारख्या साध्यासुध्या हायब्रिड गाडीलाही मिळायचे. प्रियसला! जाणूनबुजून दिले होते, की बेताच्या वेगातही गाडी थोडी सरकावी, चालवणाऱ्याला मजा यावी. लोकांनी काय केलं? पहिल्या महिन्यात ते काढून रुंद टाकले आणि मग तक्रार, की इंजिनात दम नाही. अरे, दम तुम्हीच बांधून टाकलात ना!

त्या गृहस्थांच्या स्वतःच्या गाडीचे टायर कुठल्या मापाचे आहेत हे त्यांना सांगता येईल का? पैज लावते. बाईची गाडी दिसली की मात्र सल्ला तयार. माझा नवरा शेजारीच उभा होता, त्याला नाही विचारलं. त्याला विचारलं असतं तर त्याने माझ्याकडेच बोट दाखवलं असतं, ती गोष्ट वेगळी.

जाऊ दे. लिहिता लिहिता राग उतरला बहुतेक.

भाच्याला मी 287 चं कधी सांगितलंच नाही. त्याने तो अख्खा शनिवार उन्हात बसून मडगार्ड दुमडलं होतं, कानशिलाला घाम, हाताला फोड. चाकं बसवून झाल्यावर म्हणाला, "मावशी, शंभर मैल झाले की नट पुन्हा आवळून घे हं," आणि रात्री त्याची आठवण करून द्यायला फोनही केला. मी पावसाळी दिवसांचं, थंडीचं निमित्त करून जुनी चाकं चढवली. मग तो नोकरीला सिएटलला गेला. आजही फोनवर विचारतो, "चाकं कशी आहेत?" मी म्हणते, "मस्त."

आहेतच मस्त. तळघरात जुन्या नऊवारीत गुंडाळून ठेवलीत, एकावर एक चार. आज येताना त्यांनाही एक एक झेंडू वाहिला.

कुणाला मिआटासाठी हवी असतील तर मेसेज करा. फुकट देईन. थांबा, आधी त्याला विचारते.