चोकवाल्या ट्यूबलाइटला उगाच बदनाम करताय

सध्या सगळ्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतंय, "जुनी चोकवाली ट्यूबलाइट आजच घरातून काढा". म्हणणं असं की ती 100 वॅट खाते, नुसती लावायला अर्ध्या तासाची वीज जाते, गुणगुणणारा चोक म्हणजे आग ठरलेली, ट्यूब फुटली की घरभर विष, आता तर कायद्यानेच बंदी आलीये, आणि शेवटी सल्ला, त्याच पट्टीत (ट्यूब आणि चोक बसवलेल्या लोखंडी सांगाड्यात) एलईडी टाका. मला जुन्या पट्ट्या जमवून चालू करायचा नाद आहे (पुण्याच्या जुन्या बाजारात नाहीतर पाडायला काढलेल्या वाड्यात सापडतात), म्हणून एकेक घेतो.

100 वॅट. हा आकडा कुठून आला ते सांगतो. कोणीतरी क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) लावला, 0.43 अँपिअर दिसले, 230 व्होल्टने गुणलं, झाले 99. पण चोक म्हणजे लोखंडी गाभ्यावरची कॉइल, तिच्यामुळे करंट व्होल्टेजच्या मागे पडतो आणि पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारातला खऱ्या वॅटचा हिस्सा, निम्म्यावर येतो, म्हणून ट्यूबचे 40 आणि चोक गरम होण्यात जाणारे 10-12 धरून खरी खपत पन्नासच्या आसपास, आणि घरचं मीटर हेच वॅट मोजतं. काही जुन्या पट्ट्यांत याच कारणासाठी तीन-चार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो, तो असला की क्लॅम्पवरचा आकडा बराच खाली येतो. एलईडी 18-20 वॅटमध्ये जवळपास तेवढाच उजेड देते हे मात्र खरंय, बिल कमी करायचं असेल तर तीच लावा, त्यात वाद नाही.

लावताना अर्ध्या तासाची वीज? गणित करा ना. 50 वॅट गुणिले 1800 सेकंद म्हणजे 90,000 ज्यूल. ट्यूब लागते दोनेक सेकंदात, म्हणजे तेवढा वेळ 45 किलोवॅट, जवळपास 195 अँपिअर! लाइटच्या सर्किटचा फ्यूज कधीच उडाला असता. प्रत्यक्षात स्टार्टरमधली बायमेटलची (दोन धातूंची, तापली की वाकणारी) पत्ती गरम होऊन जोडली जाते, दोन्ही टोकांचे फिलामेंट तापतात, पत्ती सुटली की चोक काही शे व्होल्टचा झटका देतो आणि ट्यूब पेटते, आणि हे सगळं होताना करंट चोकनेच आवरलेला असतो. नंतर स्टार्टरचं काम संपलं, लागलेल्या ट्यूबचा स्टार्टर फिरवून काढला तरी ती चालूच राहते. सारखं चालू-बंद केल्याने झिजतो तो फिलामेंटवरचा लेप, मीटरला काही होत नाही. टोकं काळी पडतात ती त्यामुळेच, आणि लोक चोक बदलून बसतात.

गुणगुण म्हणजे चोकच्या पत्र्यांची थरथर, सेकंदाला 100 वेळा. स्क्रू आवळा, खाली रबराचा वॉशर घाला, बरंच कमी होतं. भीती बाळगायची ती वेगळ्याच गोष्टींची, आणि त्या फॉरवर्डमध्ये नाहीतच. टोकं लालसर आणि मधे काळोख असं दिसत राहिलं तर स्टार्टर चिकटलाय, चोकमधून नेहमीपेक्षा जास्त करंट सतत चाललाय, लगेच बंद करा. चोकमधून डांबर गळतंय, तो चोक गेला. सुती वेष्टणाच्या आतलं रबर हाताला भुगा होऊन येतं, ती वायर सगळी बदलायची. लोखंडी पट्टीला बहुतेक वेळा अर्थिंगच नसतं, ते आधी जोडायचं आणि 500 व्होल्टच्या मेगरने (वायरीचं इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासून मगच सप्लाय द्यायचा. कपॅसिटर डिस्चार्ज केल्याशिवाय हात नको, आणि 1970 च्या दशकातला किंवा आधीचा तेलकट गळका असेल तर उघडायच्या फंदातच पडू नका, त्यात पीसीबी नावाचं विषारी तेल असू शकतं.

पाऱ्याचं म्हणाल तर दीड इंची जाड ट्यूबमध्ये तो दहा ते चाळीसेक मिलिग्रॅम असतो, काचेच्या तापमापकात अर्धा ग्रॅम किंवा जास्त. फुटलीच तर खिडक्या उघडा, पंधरा मिनिटं बाहेर थांबा, झाडू-व्हॅक्यूम नको, जाड कागदाने गोळा करून बरणीत बंद करा. 1949 च्या आधीची अमेरिकन ट्यूब हाती आली तर जपा, तिच्या पावडरीत बेरिलियम असू शकतं, ते फुप्फुसाला पाऱ्यापेक्षा वाईट.

बंदी? 2023 मध्ये जिनिव्हाला मिनामाता कराराच्या (पाऱ्याचा वापर कमी करायचा आंतरराष्ट्रीय करार) बैठकीत ठरलं ते उत्पादन आणि आयात-निर्यात थांबवायचं, हॅलोफॉस्फेट (जुन्या प्रकारची पावडर) ट्यूब 2026 पर्यंत आणि ट्रायफॉस्फर (नव्या प्रकारची) 2027 पर्यंत. घरात लावलेली ट्यूब त्यात येत नाही. 40 वॅटची जाड ट्यूब नाही मिळाली तर 36 वॅटची स्लिम त्याच चोकवर, त्याच होल्डरमध्ये चालते, एखाद-दोन आत्ताच घेऊन ठेवा.

आणि ज्यांना त्याच पट्टीत एलईडी टाकायचीय त्यांनी टाका, पण काही एलईडी ट्यूबना फेज-न्यूट्रल दोन्ही एकाच टोकाला द्यावे लागतात. असं वायरिंग केलेल्या पट्टीत उद्या कोणी साधी ट्यूब लावली तर 230 व्होल्ट सरळ फिलामेंटवर. तेव्हा पट्टीवर मार्करने मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, फक्त एलईडी. आणि काढलेला चोक भंगारात देऊ नका, कोणीतरी शोधत असतं.