टाके, आराम आणि पोटाचा व्यायाम : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, पोटाच्या ऑपरेशननंतर करायच्या व्यायामांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "पोट उघडलेल्या बाईला दुसऱ्या आठवड्यात पोटाचे व्यायाम सांगता? टाके उसवले तर जबाबदार कोण? आईला आम्ही तीन महिने पलंगावरून हलू दिलं नाही." यामागची काळजी मला कळते, म्हणून सविस्तर लिहिते.

चूक एक माझी. लेखाला मी सिटअप्सचा फोटो लावला होता, तो काढलाय. सिटअप्स, प्लँक, नौकासन पहिले दीड-दोन महिने नकोतच. वरची कातडी दहा-बारा दिवसांत जुळते, टाके निघतात, आणि घरच्यांना वाटतं झालं. पोटाच्या स्नायूंना धरून ठेवणारा आतला चिवट पडदा मात्र सहा आठवड्यांनंतरही पूर्वीच्या साधारण निम्म्याच ताकदीचा असतो. म्हणून भरलेली बादली, दळणाचा डबा, कडेवर नातवंड, काहीच उचलायचं नाही.

मी सांगितलेला व्यायाम वेगळा आहे. उताणं पडून गुडघे उभे करायचे, नाकाने श्वास घेत पोट वर येऊ द्यायचं, सोडताना बेंबीखालचा भाग अलगद आत घ्यायचा. श्वास कोंडायचा नाही, दुखलं की थांबायचं. कमरेभोवती पट्ट्यासारखा असलेला सर्वांत आतला स्नायू यातून हळूहळू कामाला लागतो. नुसतं पडून राहिलं तर छातीत कफ साठतो, पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, स्नायूही झिजतात.

माझं आतड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा घरी सोडताना "आराम करा" एवढंच सांगितलं. उठायचं कसं, ते कुणी दाखवलं नाही. आठवडाभर मी पलंगावरून सरळ उठून बसत होते, म्हणजे दिवसातून दहा वेळा सिटअपच! याची चीड मला आजही येते. पुढे फिजिओथेरपिस्टने शिकवलं : गुडघे वाकवून कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताने रेटा देत उठा. खोकला आला की उशी पोटाशी घट्ट धरा. मग अंगणात चालणं, नंतर इथे नाशिकला कृषीनगरच्या ट्रॅकवर अर्धी फेरी. पांडवलेणीच्या पायऱ्या चढले ते पाच महिन्यांनी, सर्जनना विचारून.

दुर्बिणीतून झालेलं ऑपरेशन, सिझेरियन, मोठी उभी चीर, प्रत्येकाचं वेळापत्रक निराळं. आपल्या सर्जनने हो म्हटल्याशिवाय काहीच सुरू करू नये, हे लेखात ठळक लिहायला हवं होतं. आता वरच घातलंय.

आईंची कंबर अजून दुखते असंही तुम्ही म्हणता. खोकताना किंवा उठताना त्यांच्या टाक्यांच्या जागी फुगवटा येतो का, एवढं पाहा. येत असेल तर व्यायाम राहू द्या, आधी सर्जनना दाखवा. हर्निया असू शकतो.